चुन्याची निवळी

वैशाली,

काल तुझ्या माघारी तुझं पुण्यानुमोदन झालं. हॉल गच्च भरला होता. तू शिकवायचीस त्या कॉलेजातले आले, कॅन्टीनवाले आले, नांदेडहून दोन जीप भरून माणसं आली. एकेक जण माइक हातात घेऊन तुझ्याबद्दल बोलला. वैशालीताई कशा हुशार, कशा जिद्दी, एमएस्सी झालेल्या बाईनं भाजी चिरायचा धंदा काढून सात-आठ बायकांना कसं कामाला लावलं. सगळं खरं आणि सगळं कोरडं. मग तुझ्या नवऱ्यानं, प्रकाशभावजींनी, माइक माझ्यापुढं धरला. "वहिनी, दोन शब्द बोला. तुम्हीच तिच्या सगळ्यात जवळच्या." मी माइक घेतला, तोंड उघडलं आणि परत दिला. लोकांना वाटलं, थोरल्या जावेचा कंठ दाटून आला. कंठबिंठ काही नव्हता दाटला गं. मला बोलायचं होतं ते एकच वाक्य होतं आणि ते त्या हॉलमध्ये बोलायची माझी छाती झाली नाही.

म्हणून आज सकाळी शेडमध्ये येऊन बसलेय. तुझ्या खुर्चीवर नाही, घाबरू नकोस, उलट्या क्रेटवर. बायका यायला अजून वेळ आहे. आजच्या ऑर्डरी बघायला म्हणून तुझं रजिस्टर उघडलं आणि त्यातलं एक पान वाचून माझं डोकं सणकलं. त्या पानाकडं येतेच. आधी आपलं भांडण पहिल्यापासून नीट मांडू दे. आता तू मध्ये बोलणार नाहीस. मला माझं वाक्य पुरं करायला मिळण्याची ही पहिलीच वेळ.

तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हाच मी ठरवलं होतं, हिच्याशी जमवून घ्यायचं नाही. "पोरगी शिकलेली आहे," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा सांगत की मला तुझं तोंड बघायच्या आधीच तुझा कंटाळा आला होता. मी बारावी. ह्यांची आबिड्सच्या पोस्टातली नोकरी, दोन पोरं, चौदा वर्षांचा संसार मी हैदराबादेत एकटीनं रेटलेला. आणि तू आठव्या दिवशी माझ्या ओट्यापाशी येऊन माझी सुरी अंगठ्यावर घासून बघितलीस आणि म्हणालीस, "ताई, ही सुरी कापत नाही, चेंगरते."

माझ्याच ओट्यावर, माझीच सुरी! मी म्हटलं, "बाई, या सुरीनं चौदा वर्षं भाजी चिरली, कुणी उपाशी राहिलं नाही." तू हसलीस. दोन गाजरं घेतलीस. एक माझ्या सुरीनं चिरलंस, एक तुझ्या माहेराहून आणलेल्या धारदार सुरीनं. दोन डबे भरून फ्रिजमध्ये ठेवलेस. चौथ्या दिवशी डबे काढून माझ्यापुढं ठेवलेस. "घ्या, हात लावा." तुझं गाजर करकरीत. माझं बुळबुळीत, बोटाला तार यायला लागलेली. मला इतका राग आला की मी दोन्ही डबे कचऱ्यात उपडे केले. आणि मग दुपारी, सगळे झोपले होते तेव्हा, तुला हळूच विचारलं, "असं का होतं गं?"

त्या दुपारी तू मला जे सांगितलंस ते मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणालीस, "पेशी म्हणजे एकेक खोली, ताई. प्रत्येक खोलीला आपली भिंत. आणि दोन खोल्यांच्या भिंतींच्या मधे एक चिकट थर असतो, पेक्टिनचा. पेरूची जेली घट्ट बसते ना, ती त्याच्यामुळंच. तो थर आहे म्हणून गाजर गाजर आहे." आणि मग म्हणालीस, जिवाणूला दात नसतात, तो रस सोडतो. रसानं पेक्टिन विरघळतं. भिंती लगेच पडत नाहीत, आधी एकमेकींपासून सुटतात. "गाजर आधी कुजत नाही ताई, आधी सुटतं. मग आतलं पाणी बाहेर येतं आणि त्यांची मेजवानी सुरू होते." बोथट सुरीनं खोल्यांच्या चार रांगा चेंगरतात, धारदार सुरीनं एकच कापली जाते, एवढाच फरक.

"मग गाजर काय नुसतं बसून राहतं?" मी विचारलं होतं.

"नाही. चिरलं तरी ते चार दिवस जिवंत असतं. भिंतीचे तुकडे पडले की शेजारच्या खोल्यांना त्या तुकड्यांवरूनच कळतं, कुणीतरी फोडतंय. मग त्या आपापल्या भिंती जाड करायला लागतात. पण जिवाणू पण बेरकी. थोडे असले की गप्प बसतात. पुरेसे जमले की एकदम तुटून पडतात."

मी म्हटलं, "शेजारणी बऱ्या आहेत की मग गाजराच्या. आपल्या गल्लीत कुणाचं घर फोडलं तर लोक टीव्हीचा आवाज वाढवतात." तू इतकी हसलीस की सासूबाई उठून आल्या. त्या दिवसापासून जमलं आपलं. कुणाला सांगू नकोस, पण मला तू लई आवडायला लागलीस.

मग तुझी कॉलेजातली तात्पुरती नोकरी सुटली आणि तू हे नामपल्लीच्या मागच्या गल्लीतलं शेड घेतलंस. "ताई, तुमचे हात आणि माझं डोकं," म्हणालीस. मी म्हटलं, "म्हणजे मला डोकं नाही?" तू माझा गालगुच्चा घेतलास. थोरल्या जावेचा! असली बया तू. पण ते वाक्य माझ्या मनात कुठंतरी राहिलंच.

शेडमध्ये तुझे नियम कडक. पाणी थंड. सुरीला रोज धार. मऊ पडलेलं एकही गाजर आत नाही, एकानं सगळा क्रेट जातो. चिरलेली भाजी ब्लीचच्या पाण्यात ठरलेला वेळ ठेवायची, कागदाची पट्टी बुडवून ब्लीचचा रंग बघायचा, ती पट्टी रजिस्टरला चिकटवायची. हे सगळं यादम्मा करायची. पहिल्या दिवसापासून टब तिचा. शाळा नाही, सही नाही, पण तिचं माप कधी चमचाभर इकडंतिकडं झालं नाही. तूच म्हणायचीस, "यादम्मा म्हणजे माझी प्रयोगशाळा."

आणि मग ती मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनची ऑर्डर आली. आधी चाचणीचा माल द्यायचा होता. चिरलेलं गाजर पाच दिवस टिकलं तर वर्षभराचं काम. सगळ्या बायकांच्या डोळ्यांत चमक होती. तू मात्र दोरीवर चालल्यासारखी वागत होतीस, सगळ्यांवर खेकसत होतीस. मी एवढंच म्हटलं, "वैशाली, गाजर आधी जरा निथळू दे." तू वळलीस आणि आठ बायकांसमोर म्हणालीस, "ताई, हे तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही फक्त चिरा."

बायकांनी माना खाली घातल्या. मी चिरत राहिले. पण आतून जळत होते गं. तुला दाखवायचं होतं मला.

माझी आई नांदेडला कोहळ्याचा पेठा करायची. फोडी चुन्याच्या निवळीत भिजवायची. पाकात कितीही शिजवल्या तरी फोडी कडक. हे का होतं, ते मी तुलाच विचारलं होतं एकदा, आणि तू ओट्यावर हात आपटून म्हणाली होतीस, "कॅल्शियम, ताई! पेक्टिनचे दोरे कॅल्शियम एकमेकांना बांधून टाकतं. भिंत पक्की. जिवाणूच्या रसाला लवकर शिरता येत नाही." ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मला डोकं आहे, वैशाली.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणला. पातेल्यात पाणी घालून ढवळला, खाली बसू दिला. वरचं नितळ पाणी स्टीलच्या डब्यात भरून शेडमध्ये आणलं. यादम्मानं टबात ब्लीच टाकलं, पट्टी बघितली, रजिस्टरला चिकटवली आणि दुसरं पोतं ओढायला बाहेर गेली. ब्लीचचा वास माझ्या नाकात अजून आहे. मी डबा टबात ओतला. एवढंसं काम. कुणी बघितलं नाही. तासाभरानं तू एक फोड उचलून दातानं तोडलीस आणि ओरडलीस, "आज गाजर काय करकरीत आहे गं यादम्मा!" माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू. पाच दिवस जाऊ देत, मग सांगेन, असं मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनचा फोन आला. क्रेट परत आले तेव्हा पाकिटं फुगलेली होती. तू एक फोडून टेबलावर ओतलंस. नारिंगी चिखल. वास असा की चिरायला बसलेल्या लक्ष्मीनं नाकाला पदर लावला.

"यादम्मा, ब्लीच डाली थी?"

"डाली न अम्मा. पट्टी भी चिपकाई, देखो."

"पट्टी कल की भी चिपका सकते."

"कसम से अम्मा, मैं डाली."

त्या आठवड्यात तिच्या लेकीचं बाळंतपण होतं, ती धावतपळत यायची, धावतपळत जायची. तुला तेवढं पुरलं. तू आरडाओरडा केला नाहीस. थंड आवाजात म्हणालीस, "कल से नक्को आना." यादम्मानं ॲप्रन काढला, घडी घातली, टबाच्या कडेवर ठेवला. आणि माझ्याकडं वळली. "बड़ी अम्मा, तुम तो वहाँच थे न? तुम देखे न मेरेकू ब्लीच डालते?"

मी "देखी" म्हटलं असतं तर तुझा पुढचा प्रश्न आला असता, "ताई, तुम्ही तिथं काय करत होता?" मी म्हटलं, "मैं नै देखी."

तीन शब्द. त्या वेळी मला खरंच ठाऊक नव्हतं की चुन्यानं घात केलाय. मला वाटलं, गाजरच वाईट असेल, फ्रिज बंद पडला असेल. पण ब्लीच पडलं होतं हे मला ठाऊक होतं. यादम्मा चपला घालून गेली. पाच वर्षांत तिनं आठवड्याची एक सुट्टी सोडून खाडा केला नव्हता.

मग दहा-बारा दिवसांनी तू टब उलटा करून घासत होतीस आणि थांबलीस. कडेला पांढरा थर. बोअरच्या पाण्याचा थर बसतो, पण इतका कधी बसला नव्हता. तू आत जाऊन व्हिनेगरची बाटली आणलीस, थेंब टाकलास. फस्स करून फेस आला. मी समोर बसून कोबी चिरत होते. तू बराच वेळ त्या फेसाकडं बघत राहिलीस. मग सगळ्यांना गोळा केलंस आणि शिकवायला लागलीस, कुणाकडंही न बघता.

"ब्लीचमध्ये चुना कधी घालायचा नाही. चुन्यानं पाणी क्षारी होतं आणि क्षारी पाण्यात ब्लीचचा जोर जातो. पट्टीला रंग येतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण जिवाणू मरत नाहीत. वर त्यांच्या त्या रसाला क्षारी पाणी चांगलंच मानवतं. कॅल्शियम द्यायचं तर वेगळ्या टबात, धुऊन झाल्यावर. कुणी असं केलंय असं म्हणत नाही मी. पण करायचं नाही."

माझा अंगठा कापला. तुझ्याच धारदार सुरीनं. तू धावत आलीस, स्वतः पट्टी बांधलीस, आणि पट्टी बांधून झाली तरी हात सोडला नाहीस. "ताई, काही म्हणायचंय?"

"सुरीला धार चांगली आहे," मी म्हटलं.

त्यानंतरचे ते आठवडे मला अजून एकेक आठवतात. तू काही विचारायची नाहीस. पण ऑटोत बसलो की म्हणायचीस, "यादम्मानंतर टब कुणाला जमेना, नाही का ताई?" चहाला बसलो की, "माणसाकडून चूक होते, त्याचं काही नसतं हो." मी "हौ" म्हणायचे आणि बिस्किट बुडवायचे. तुला कळलंय की नाही, याच्यावर माझा रोज एक डाव चालायचा. आज कळलंय असं वाटतंय, आज नाही. रोज ठरवायचे, उद्या सांगते. रोज सकाळी तुझं तोंड बघितलं की जीभ टाळूला चिकटायची.

मग तुझा ताप. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस. ओठ फुटलेले. म्हणालीस, "ताई, यादम्माला..." मी मध्येच म्हटलं, "आधी बरी हो बाई. धंद्याचं नंतर." तू माझ्याकडं बघितलंस आणि डोळे मिटलेस. मी चादर नीट केली. मला हायसं वाटलं, वैशाली. आता खोटं कशाला लिहू, हायसं वाटलं. तू परत बोलली नाहीस. कुणाशीच नाही.

काल यादम्मा आली होती. शेवटच्या रांगेत, पांढरी साडी नेसून. तिला आपलं त्रिशरण-पंचशील येत नाही, ती नुसते हात जोडून बसली होती. आम्ही सगळे उभं राहून म्हणत होतो. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून हजार वेळा म्हटलंय मी ते. काल ओठ हलले, आवाज फुटला नाही. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. शेवटी तिनं तुझ्या फोटोपुढं फुलं ठेवली आणि चहा न घेता निघून गेली.

आता ते पान. तुझ्या अक्षरात. "टब १ ब्लीच. टब २ साधं पाणी. टब ३ कॅल्शियमचं मीठ, चुना नाही. सहा डबे. पाचवा दिवस, सहाही करकरीत." आणि खाली, अधोरेखित करून, "कल्पना: सुमनताई."

म्हणजे तुला माहीत होतं! त्या फेसापासून माहीत होतं. तू माझ्या नकळत माझ्या चुकीतून बरोबर काय ते शोधत होतीस, माझं नाव लिहून ठेवत होतीस, आणि मला एका शब्दानं विचारत नव्हतीस. का गं? माझी मजा बघत होतीस? मी रोज खाली मान घालून "हौ, हौ" करत होते ते बघायला बरं वाटत होतं? एकदा दरडावून विचारलं असतंस, "चुना तुम्हीच टाकलात ना?" तर सगळं त्याच दिवशी संपलं असतं. यादम्मा परत आली असती. तू एवढी शिकलेली, आणि तेवढी अक्कल नव्हती तुला?

लक्ष्मी म्हणाली होती, यादम्मा हल्ली अफझलगंजला एका गोदामात लसूण सोलायला बसते. जाते. तिला तोंड दाखवून येते, मग पुढचं लिहिते. परत आलेच नाही तर समज की पुन्हा शेपूट घातली.

*

आले. दुपार झाली आहे. नीट सांगते, मध्ये बोलू नकोस.

गोदामाच्या दारातच बसली होती, पुढ्यात लसणाचं पोतं, पाठीला पंख्याचं वारं. मला बघून उठली नाही. सरकून जागा केली. "चाय पीते बड़ी अम्मा?" मी म्हटलं, चहा नको, आधी ऐक. वाटेत ऑटोत मी वाक्य पाठ करून आले होते, ते सगळं विसरले. "यादम्मा, टब में चुना मैं डाली थी. तू ब्लीच डाली, वो मैं देखी थी. मैं झूट बोली."

ती लसूण सोलत राहिली. एक पाकळी, दुसरी पाकळी. मग म्हणाली, "मालूम."

"कैसे?"

"छोटी अम्मा आए थे न. यहींच बैठे थे, तुम बैठे वहाँ. तुम्हारे अंगूठे कू लगा था, उसके दो दिन बाद."

दोन दिवसांनी! तू तिथं गेली होतीस. तिचे हात हातात घेऊन माफी मागितलीस म्हणे. परत ये म्हणालीस. आणि यादम्मानं तुला नाही म्हटलं. "मैं बोली, नै आती. सब औरताँ के सामने मेरेकू झूटी बनाए. अब सब औरताँ के सामने बोलना पड़ता, कौन डाला. तुम अकेले इधर आके माफी माँगे तो क्या फायदा अम्मा?" तू म्हणालीस, ती सांगेल. स्वतः सांगेल. थोडा वेळ दे. तू दर आठवड्याला तिच्याकडं जायचीस, हे मला आज कळतंय, आणि दर आठवड्याला ती तुला विचारायची, बोले क्या? आणि तू मान हलवायचीस.

मी म्हटलं, "यादम्मा, वो मेरेकू पूछी क्यों नै? एक बार सीधा पूछ लेती."

यादम्मानं हातातला लसूण खाली ठेवला. "वोइच मैं भी बोली. सीधा पूछ लेओ न. तो छोटी अम्मा बोले, नक्को. पूछी तो वो घबरा के 'नै' बोल देंगे. फिर मेरे मुँह पे बोले सो झूट लेके उनकू एकीच घर में जिंदगी भर रहना पड़ता. वो नै सहते, बोले. बाहर से कड़क दिखते, अंदर से नै हैं."

मी तिथं पोत्याशेजारी बसून रडले गं. चारचौघांत, भर बाजारात, हमाल बघत होते. यादम्मानं मला गप्प केलं नाही. रडू दिलं. तिचा तो हक्कच होता. मग मी तोंड पुसलं आणि म्हटलं, "चल."

"किधर?"

"सब औरताँ के सामने."

ती आली. शेडमध्ये फरसबी चिरणं चाललं होतं. यादम्मा दारात थांबली, आत आली नाही. मी मधोमध उभी राहिले. टेबलाला धरलं. म्हटलं, "सुऱ्या खाली ठेवा." आणि सांगितलं. यादम्मानं ब्लीच टाकलं होतं, मी बघितलं होतं. चुना मी टाकला. माल माझ्या हातून सडला, आपल्या सगळ्यांचं वर्षाचं काम माझ्यामुळं गेलं. त्या दिवशी यादम्मानं मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मराठीत सांगितलं, मग दखनीत सांगितलं, मग मोडक्या तेलुगूत, म्हणजे एकीलाही कळलं नाही असं व्हायला नको.

कुणी माझ्याकडं बघेना. मग लक्ष्मी हळूच म्हणाली, "छोटी अम्मा कू मालूम था?"

"था," मी म्हटलं.

यादम्मा आत आली. "सुन लिए सब?" एवढंच म्हणाली. मग टबापाशी गेली, आतून बोट फिरवलं आणि लक्ष्मीला म्हणाली, "ऐसा धोते क्या टब?" माझ्याकडं वळून म्हणाली, "कल से आती. आज आधा पोता बाकी है, छोड़के नै आ सकती." आणि गेली. मला माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्या कंपनीचं काम काही परत येणार नाही, पण उद्यापासून तीन टब लावणार आहे. तुझ्या पानाप्रमाणे.

सकाळी तुला वाटेल ते बोलले, ते मागं घेते. नाही, अर्धंच घेते. तू मला ओळखलंस, हे बरोबर. विचारलं असतंस तर मी खोटंच बोलले असते, तुझ्या डोळ्यांत बघून बोलले असते. पण दुसऱ्या दिवशी तुझ्याकडं आले असते गं. तिसऱ्या दिवशी तरी. तेवढा भरवसा ठेवायचास माझ्यावर. की ठेवलाच होतास, आणि मीच इतके आठवडे घेतले? यावर तू काहीतरी असं म्हणाली असतीस की मी चिडून उठून गेले असते आणि दुपारी परत येऊन विचारलं असतं.

मला तू शिकवलंस. मला आठ बायकांसमोर गप्प केलंस आणि त्याच माझ्या डोक्यावर विश्वास ठेवून रजिस्टरात माझं नाव लिहिलंस. माझी लाज तू माझ्यापेक्षा जास्त जपलीस. असं मला माझ्या आईनंही कधी जपलं नाही.

आता संध्याकाळी प्रकाशभावजींना सांगेन, ह्यांना सांगेन. यादम्माला सांगितलं, सगळ्या बायकांना सांगितलं. आता कुणालाही सांगू शकते, जीभ अडत नाही. फक्त जी इतके आठवडे माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती, तिला सांगायचं राहिलं.